एआर म्हणजे नेमकं काय आणि व्हीआरपेक्षा वेगळं कुठे? (हॉलमधल्या वाघापासून गडावरच्या वाड्यापर्यंत)

गवतीचहा | शनिवार, रात्री ९:१०

इथल्या स्मार्ट चष्म्यांवरच्या धाग्यावर एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, खऱ्या जगात काढलेल्या वस्तू मिसळणं) आणि व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, संपूर्ण रचलेलं जग) ही दोन नावं एकमेकांच्या जागी इतकी बिनधास्त फिरत होती की तिथे अवांतर वाढवण्यापेक्षा वेगळा धागा काढला. माझं रोजचं काम फोनवरच्या एआरचं आहे. त्यामुळे माप थोडं त्या बाजूला झुकणार, हे आधीच सांगून ठेवते.

बहुतेक ठिकाणी फरक असा सांगतात: डोक्यावर डबा चढवला की व्हीआर, फोनमधून किंवा चष्म्यातून पाहिलं की एआर. हे झालं उपकरणांचं वर्णन. माझ्या मते फरक ओळखायचा तर यंत्राला काय काय ठाऊक असावं लागतं ते बघावं. व्हीआरमध्ये सगळं जग यंत्रानेच रचलेलं असतं. तुमचं डोकं कुठे आहे आणि कुठे वळलंय एवढं कळलं की त्याचं भागतं. एआरमध्ये तुमची खोलीही कळावी लागते. जमीन किती खाली आहे, मध्ये टेबल आहे का, उजेड कुठून येतोय, सगळं. कारण काढलेली वस्तू तुमच्या खऱ्याखुऱ्या टेबलावर ठेवायची आहे आणि तुम्ही वाकून, फिरून, जवळ जाऊन पाहिलंत तरी ती तिथेच राहायला हवी.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये गूगलवर शोधून हॉलमध्ये वाघ उभा केला नाही असं स्मार्टफोनवालं घर विरळाच. तेव्हाचे फोटो असतील तर उघडून बघा. वाघाचे पंजे फरशीला बऱ्यापैकी टेकलेले दिसतील, खाली सावलीही असेल. पण ज्यांनी त्याला सोफ्यामागे उभं करायचा प्रयत्न केला त्यांच्या फोटोत तो सोफ्याच्या पुढ्यात चिकटवल्यासारखा दिसतो. पंजे टेकले, कारण फोनने सपाट जमीन ओळखली. सोफ्यामागे गेला नाही, कारण सोफा किती अंतरावर आहे हे फोनला कळलंच नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड. गूगलने एआरकोअरमध्ये, म्हणजे एआर अ‍ॅप्स बनवायच्या त्यांच्या संचात, एकाच कॅमेऱ्यावरून अंतराचा अंदाज बांधायची सोय दिली तीच मुळी २०२० च्या जूनमध्ये.

व्याख्या हवी असेल तर रोनाल्ड अझुमा यांच्या १९९७ च्या आढावा लेखातली अजून वापरतात. तीन अटी: खरं आणि काढलेलं एकत्र दिसावं, ते तत्क्षणी प्रतिसाद देणारं असावं, आणि काढलेली वस्तू तिन्ही मितींमध्ये खऱ्या जगाशी जुळलेली असावी. यात फोन, चष्मा, हेडसेट कशाचाच उल्लेख नाही, म्हणून मला ती आवडते.

तुमचे अनुभव आणि शंका येऊ द्या.

शेंगदाणा | रात्री ९:२६

वाखूसा (वाचनखूण साठवली). मग पोकेमॉन गो हा फोनवरचा खेळ एआर का? २०१६ च्या जुलैत आम्ही कॉलेज बुडवून कार्टर रोडवर फिरायचो. भारतात अधिकृतपणे यायच्या आधीच सगळ्यांनी कुठून कुठून मिळवलं होतं.

गवतीचहा | रात्री ९:४१

@शेंगदाणा, तिसऱ्या अटीवर तेव्हाचं पोकेमॉन गो काठावर पास होतं, तेही परीक्षक दयाळू असेल तर. सुरुवातीला फोन फक्त कुठल्या दिशेला वळलाय तेवढंच बघायचा. म्हणून पिकाचू कॅमेऱ्याच्या चित्रावर तरंगायचा आणि तुम्ही चार पावलं पुढे गेलात तरी तो तितकाच लांब असायचा. जमिनीवर एका जागी उभा राहणारा पोकेमॉन डिसेंबर २०१७ मध्ये आला, तोही आधी आयफोनवर, कारण एआर अ‍ॅप्स बनवायची अ‍ॅपलची एआरकिट त्याच वर्षी निघाली होती. आणि खरं सांगा, बॅटरी वाचवायला तुम्ही कॅमेरा बंद करूनच खेळत होता ना?

शेंगदाणा | रात्री ९:४३

शंभर टक्के. कॅमेरा चालू ठेवला तर पॉवर बँकसुद्धा शरण यायची.

तिरकसराव | रात्री १०:०२

फेसबुकने २०२१ मध्ये कंपनीचं नाव बदलून मेटा केलं तेव्हापासून हे फॅड चालू आहे. त्याआधी कोणी एआरचं नावही ऐकलं नव्हतं. दहा वर्षांनी नवीन तीन अक्षरं येतील आणि तुम्ही नवीन धागा काढाल.

ओझरकर | रात्री १०:३५

तिरकसराव, नाव १९९० च्या सुमाराचं आहे आणि ते आलंय विमानाच्या कारखान्यातून. बोईंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्यापुढे प्रश्न होता वायरिंगचा. विमानात वायरींचे जुडगे बसवायच्या आधी मोठ्या फळ्यांवर एकेक वायर आखलेल्या मार्गाने ओढून ते बांधतात. प्रत्येक जुडग्याला वेगळी फळी. त्यांचं म्हणणं असं की फळी कोरीच ठेवा, कामगाराच्या डोळ्यासमोर काच द्या आणि पुढची वायर कुठून कुठे न्यायची ती रेघ काचेत दाखवा. १९९२ च्या त्यांच्या निबंधात हे सगळं आहे. मी हार्नेसची, म्हणजे अशा जुडग्याची, फळी हाताने भरलेला माणूस आहे, त्यामुळे ही कल्पना वाचली तेव्हा पटकन पटली.

आणि त्याच्याही आधीचं म्हणजे विमानातला हेड-अप डिस्प्ले, आमच्या बोलीत हड. वैमानिकासमोर तिरकी काच असते, खालून तिच्यावर हिरवी अक्षरं टाकतात. मजा अशी की काच हातभर अंतरावर असली तरी भिंगांमुळे अक्षरं अनंत अंतरावर असल्यासारखी दिसतात. बाहेर क्षितिजाकडे बघणाऱ्या डोळ्याला फोकस बदलावा लागत नाही. तेजसचा हड चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केला आहे. तेजसची एक जुळणी आता नाशिकजवळच्या आमच्या ओझरलाही होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये इथलं पहिलं तेजस उडालं, तेव्हा मी कंपाउंडच्या बाहेर टोपी घालून उभा होतो.

गवतीचहा | रात्री १०:५२

@ओझरकर, दंडवत! हडमध्येच दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. वेगाचा आकडा काचेच्या कोपऱ्यात स्थिर असतो, त्याला बाहेरच्या जगाचं देणंघेणं नाही. पण क्षितिजाची रेघ खऱ्या क्षितिजावरच पडायला हवी, विमान कलंडलं की ती काचेत तिरकी व्हायला हवी. अझुमांच्या हिशेबाने रेघ एआर, आकडा नाही.

@तिरकसराव, आणखी मागे जायचं तर १९६८. आयव्हन सदरलँड यांनी हार्वर्डमध्ये डोक्यावर बसवायचं यंत्र केलं. ते छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेलं असायचं, मुख्यतः डोकं कुठे वळलंय ते मोजायला. त्यांना सर्रास व्हीआरचे जनक म्हणतात. पण त्या यंत्रात अर्धपारदर्शक आरसे होते, म्हणजे बघणाऱ्याला आजूबाजूची खोली दिसायची आणि तिच्यात रेघांचा ठोकळा तरंगायचा.

तिरकसराव | रात्री ११:१४

ठीक आहे, इतिहास मान्य. पैसे कोणी कमावले ते सांगा.

स्टुडिओबाबू | रात्री ११:४०

तिरकसराव, टीव्हीवाल्यांनी कमावले. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात १९९८ पासून मैदानावर एक पिवळी रेघ दिसते. मैदानावर ती नसतेच. खेळाडू तिच्यावरून पळतात तेव्हा रेघ त्यांच्या पायाखाली जाते, अंगावरून नाही. कारण यंत्राला सांगून ठेवलेलं असतं की गवताच्या या या हिरव्या छटांवरच रंग टाक, बाकी सोड. सोफ्यामागच्या वाघाचं उत्तर त्यांनी २२ वर्षं आधी असं रंगावरून काढलं होतं.

आमच्याकडे निकालाच्या दिवशी स्टुडिओत विधानसभेची इमारत उभी राहते, आकड्यांचे खांब जमिनीतून वर येतात, ते तुम्ही बघता. आमच्या निवेदिकेला त्यातलं काहीही दिसत नाही. तिच्यासमोर रिकामी चकचकीत जमीन आणि तिच्यावर चिकटपट्टीच्या फुल्या. 'या फुलीच्या पुढे गेलीस तर खांबात घुसशील' असं सांगून ठेवायचं आणि कॅमेऱ्याखालच्या मॉनिटरकडे तिरक्या नजरेने बघत तिने हवेत हात दाखवायचा. छताला चमकणाऱ्या गोल टिकल्या असतात, कॅमेऱ्यावर बसवलेला छोटा सेन्सर वर बघून त्या टिकल्यांवरून कॅमेरा कुठे आहे ते काढतो.

एक गोष्ट बाहेर कोणाला माहीत नसते. ग्राफिक तयार व्हायला काही फ्रेम उशीर होतो. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचं चित्रही तेवढंच थांबवून ठेवतो, आणि आवाजही. नाहीतर खांब निवेदिकेच्या मागून घरंगळत येतात आणि ओठ एकीकडे, शब्द एकीकडे.

अवांतर: क्रिकेटच्या मैदानावर जाहिरातींचे उभे दिसणारे लोगो असतात, त्यांनाही लोक एआर समजतात. बरेचदा तो निव्वळ रंग किंवा चटई असते, मुख्य कॅमेऱ्याच्या कोनातून उभी दिसावी म्हणून लांबट ताणून रंगवलेली. दोरावरच्या कॅमेऱ्याने वरून दाखवलं की बिंग फुटतं.

गवतीचहा | रविवार, सकाळी ८:०५

@स्टुडिओबाबू, हे फार कामाचं लिहिलंत. या उशिरावरच एआर आणि व्हीआर सगळ्यात जास्त फुटून निघतात.

समजा तुम्ही मान सेकंदाला १०० अंश वेगाने वळवली. फार नाही हे, कोणी हाक मारली की आपण एवढी वळवतो. यंत्राला चित्र बदलायला २० मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात मान २ अंश पुढे गेलेली असते. हातभर अंतरावर २ अंश म्हणजे साधारण २ सेंटिमीटर.

व्हीआरमध्ये सगळंच जग २ सेंटिमीटर मागे राहतं. सगळं सोबतच मागे राहिल्यामुळे डोळ्याला ते चटकन कळत नाही. जास्त झालं तर पोटाला कळतं, मळमळतं.

पारदर्शक काचेच्या एआर चष्म्यात मात्र खरं जग प्रकाशाच्या वेगाने थेट डोळ्यात येतं. त्याला थांबवून ठेवता येत नाही. मागे राहते ती फक्त काढलेली वस्तू. टेबलावरचा कप तुमची मान वळताच टेबलावरून सरकतो आणि मान थांबली की परत जागेवर येतो. हे डोळा लगेच पकडतो.

तिसरा रस्ता म्हणजे बंद हेडसेट, पण त्याला बाहेरून कॅमेरे. २०२३ चा मेटाचा क्वेस्ट ३ किंवा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला आलेला अ‍ॅपलचा व्हिजन प्रो. यात खोलीचं दृश्यही कॅमेऱ्यातून येतं, त्यामुळे स्टुडिओबाबूंची युक्ती चालते: दोन्ही सारखंच थांबवा, कप टेबलाला चिकटून राहतो. बदल्यात तुमचा स्वतःचा हात किंचित उशिरा दिसतो. अ‍ॅपलने त्यासाठी वेगळी चिपच घातली आणि कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत १२ मिलिसेकंद असा त्यांचा दावा आहे.

पल्याडची | सकाळी ८:३०

मी इथे न्यू जर्सीत दुकानात जाऊन व्हिजन प्रोचा डेमो घेतला. हाताचा उशीर जाणवला नाही. जाणवलं ते वजन आणि उजेड. दुकानात लख्ख दिवे होते म्हणून दृश्य स्वच्छ होतं, पण कोपऱ्यातल्या अंधाऱ्या भागाकडे पाहिलं तर कॅमेऱ्याच्या चित्रात येतो तसा रवा दिसायला लागला. आणि मान झटकन वळवली की खरं जगसुद्धा पुसट. म्हणजे मी दुकान पाहत नव्हते, दुकानाचा व्हिडिओ पाहत होते.

मग हे एआर म्हणायचं की व्हीआर?

तिरकसराव | सकाळी ८:४४

सोपी परीक्षा. बॅटरी काढा. खोली उरली तर एआर, अंधार झाला तर व्हीआर. तुमच्या हेडसेटमध्ये अंधार होईल, म्हणजे व्हीआर. वीज गेल्यावर कळतं कोण कोणाचं.

गवतीचहा | सकाळी ९:०२

@तिरकसराव, परीक्षा झकास आहे, पण त्या न्यायाने फोनवरचा वाघही व्हीआर ठरेल. फोनच्या पडद्यावर दिसतो तोही खोलीचा व्हिडिओच.

माझं मत: यंत्र व्हीआरचं, करतंय ते एआर. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्येच एक पट्टी आखली होती. एका टोकाला संपूर्ण खरं जग, दुसऱ्या टोकाला संपूर्ण रचलेलं, मधलं सगळं मिश्र. व्हिजन प्रोच्या वर एक गोल मुकुट आहे, तो फिरवला की तुमची खोली हळूहळू विरून डोंगर-तलाव येतात. ती पट्टीच त्यांनी बटणात घातली आहे म्हणा ना.

पारदर्शक काचेची एक अडचण लोक विसरतात, ती इथेच लिहिते. काच फक्त प्रकाश वाढवू शकते, काढून घेऊ शकत नाही. म्हणून अशा चष्म्यात काळा रंग काढताच येत नाही. काळी मांजर दाखवायला गेलात तर तिथे काहीच दिसणार नाही. उन्हात तर पांढरी मांजरही नीट दिसत नाही.

मंदाकाकू | सकाळी १०:२०

तुम्हा मुलांचं वाचून डोकं गरगरतंय, पण मजा येतेय. माझे तीन प्रश्न. एक, नातवाच्या बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी कोड असतात, ते फोनने उघडले की व्हिडिओ लागतो, ते एआर का? दोन, लेकीने एका वेबसाइटवर फोनमध्ये स्वतःचा चेहरा बघून चष्म्याची फ्रेम मागवली. फोनमध्ये झकास दिसत होती, घरी आली ती कानशिलावर रुतणारी. असं का? तीन, नातू डब्यासारखा तो हेडसेट मागतोय, वय ९. द्यावा का?

गवतीचहा | सकाळी १०:५८

काकू, तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात भारी आहे, त्यामुळे बाकीचे आधी उरकते.

क्यूआर कोड म्हणजे पत्ता. तो दीक्षा अ‍ॅपवरचं पान उघडतो, पुस्तकाच्या पानावर काही उभं करत नाही. एआर नव्हे.

नऊ वर्षांच्या मुलाला मी देणार नाही. मेटाची स्वतःचीच अट १३ वर्षांची होती, २०२३ मध्ये ती पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यापुरती १० वर आणली. हेडसेटमध्ये जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात, पण डोळ्यातलं भिंग मात्र एकाच ठरावीक अंतरावर फोकस करून बसतं. एरवी ही दोन कामं जोडीने होतात. मोठ्यांचेही डोळे त्याने थकतात.

आता फ्रेम. एका कॅमेऱ्याला लहान वस्तू जवळ आहे की मोठी वस्तू लांब आहे यातला फरक कळत नाही. तुमच्या लेकीचा चेहरा किती रुंद आहे हे फोनला माहीत नव्हतं. बरीच अ‍ॅप्स डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी, म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर, धरून चालतात. चेहरा त्यापेक्षा रुंद असेल तर पडद्यावर फ्रेमही त्याच प्रमाणात ताणली जाते आणि झकास बसते. प्रत्यक्षातली फ्रेम ताणली जात नाही. पुढच्या वेळी आत्ताच्या चष्म्याच्या दांडीच्या आतल्या बाजूचे आकडे बघून त्याच मापाची मागवा.

मागच्या कॅमेऱ्याने खोली बघताना फोन हीच अडचण दुसऱ्या मार्गाने सोडवतो. आत वेगवाढ मोजणारा सेन्सर असतो. फोन प्रत्यक्षात किती हलला आणि त्यामुळे चित्रातले ठिपके किती सरकले, या दोहोंचा मेळ घालून खरं माप काढतो. म्हणून अ‍ॅप सुरू होताना 'फोन हळूहळू फिरवा' असं सांगतात.

फरशीपुराण | सकाळी ११:३०

चित्रातले ठिपके! आता कळलं. मी इंटिरियरची कामं करते. क्लायंटला फोनवर सोफा ठेवून दाखवायचा तर पुण्यातल्या नव्या फ्लॅटांमध्ये हमखास फजिती. पांढऱ्या भिंती, पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. सोफा सुरुवातीला खिडकीपाशी असतो, बोलता बोलता तो बाल्कनीच्या दिशेने चालायला लागतो. क्लायंट हसतात. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीवर मात्र जागचा हलत नाही.

यावर माझा तोडगा म्हणजे फरशीवर दोन-तीन वर्तमानपत्रं पसरायची. नक्षीची सतरंजी असेल तर उत्तमच. मग जागेवर राहतो.

गवतीचहा | सकाळी ११:४१

@फरशीपुराण, अगदी बरोबर तोडगा. फोन चित्रात कोपरे, डाग, अक्षरं असे ओळखू येणारे ठिपके शोधतो आणि त्यांच्या आधाराने स्वतःची जागा ठरवतो. कोऱ्या भिंतीवर ठिपके नाहीत. चकचकीत फरशीवर त्याहून वाईट, कारण तिथे तो दिव्याच्या प्रतिबिंबालाच ठिपका धरून बसतो आणि प्रतिबिंब तुमच्याबरोबर चालतं. तुमचा सोफा त्याच्या मागे निघतो.

चाकणवाला | दुपारी १:१५

कारखान्यातली बाजू मांडतो. आमच्याकडे दोन्ही आणून बघितलं. व्हीआर टिकलं ते प्रशिक्षणात: वेल्डिंगचा हात बसवणं, क्रेन चालवणं, आग लागल्यावर कुठल्या दाराने पळायचं. जे प्रत्यक्षात करून बघायला महाग किंवा जिवावरचं आहे, ते सगळं. नवीन पोरगा दिवसभर वेल्डिंगची गन फिरवतो, एक रॉड खर्च होत नाही. मात्र धुराचा वास आणि ठिणगीची भीती नसल्याने खऱ्या बूथमध्ये पहिल्या दिवशी तो बिचकतोच.

एआर चष्म्याचं मात्र हेल्मेटखाली जमेना, घाम आला की काच धूसर, आणि ग्रीसच्या हाताने हवेत चिमटे काढायचे म्हणजे माणूस वैतागतो. त्यात मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये त्यांच्या एआर चष्म्याचं, होलोलेन्सचं, उत्पादनच थांबवलं. आता स्टँडवर टॅब लावलेला असतो, त्यात मशीनवर बाण दिसतात. दिसायला गावठी, पण रोज वापरात आहे.

शेंगदाणा | दुपारी १:४०

माझ्या दादाने कॅमेरावाला मेटाचा गॉगल घेतलाय, २०२५ मध्ये भारतात आला तो. तो सगळ्यांना एआर ग्लासेस म्हणून मिरवतो.

पल्याडची | दुपारी १:५२

त्यात काचेवर काही दिसतच नाही ना. कॅमेरा, स्पीकर, माइक. ना ए ना आर.

तिरकसराव | दुपारी १:५५

दादाला हा प्रतिसाद पाठवा.

कैरीपन्हं | दुपारी २:३०

मला व्हीआर लावल्यावर दोन मिनिटांत उलटी येते. मॉलमधला रोलर कोस्टर तर खल्लास. एआरमध्ये असं होत नाही. कारण काय?

चाकणवाला | दुपारी २:५०

आमच्या ट्रेनरने सांगितलेलं: वरंधा घाटात एसटीत पुस्तक वाचल्यावर लागते तेच, फक्त उलटं. एसटीत कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणं कळतात आणि डोळ्याला पुस्तक स्थिर दिसतं. रोलर कोस्टरमध्ये डोळे खाली कोसळतात आणि कान म्हणतो मी खुर्चीत बसलोय. एआरमध्ये खोली दिसत राहते, त्यामुळे डोळे आणि कान यांचं भांडण होत नाही. ज्या व्हीआरमध्ये तुम्ही स्वतःच्या पायाने चालता तिथेही कमी होतं. खुर्चीत बसून पळवणारे खेळ टाळा.

गडफिरस्ता | दुपारी ४:१०

धागा वाचून जुनी इच्छा उफाळून आली. रायगडावर बाजारपेठेच्या जोत्यांमध्ये किंवा राजवाड्याच्या चौथऱ्यावर उभं राहावं, फोन समोर धरावा आणि मूळ इमारत दिसावी. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वरचं लाकूडकाम जळून गेलं, राहिली ती जोती. इतकी अ‍ॅप्स निघतात, हे का होत नाही?

गवतीचहा | दुपारी ४:४५

व्हीआरमध्ये आजही होईल. त्रिमितीय मॉडेल केलं की पुण्यात बसून त्यात फिरता येईल. मॉडेल दोन हात इकडेतिकडे असलं तरी कोणाला कळणार नाही, कारण ताडून बघायला खरं काही समोर नसतं.

एआरमध्ये तेच मॉडेल खऱ्या जोत्यावर बसवायचं आहे. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचा जीपीएस ४-५ मीटर चुकतो, म्हणजे अख्खं दुकान शेजारच्या जोत्यावर जाऊन बसेल. दिशा होकायंत्रावरून घ्यावी तर ५ अंशांची चूक ५० मीटरवर चार मीटरहून जास्त होते, आणि बेसाल्टमधल्या लोहखनिजाने ते आणखी भरकटू शकतं. उरतो कॅमेऱ्याने आजूबाजूचं ओळखण्याचा मार्ग. आधी जागेचे हजारो फोटो काढून नकाशा करायचा आणि फोनने त्यात स्वतःला शोधायचं. मेमध्ये पिवळं रान असताना केलेला नकाशा जुलैतल्या हिरव्या गवतात आणि धुक्यात कितपत चालेल, तुम्हीच सांगा.

गडफिरस्ता | दुपारी ५:०२

जुलैत वर मेघडंबरीच दिसत नाही, फोनचं काय घेऊन बसलात!

दुसरी गोष्ट, वरची बांधणी नेमकी कशी होती हे कुठे ठाऊक आहे? मजले किती, छपराचा उतार केवढा. घरात बसून बघितलेलं चित्र लोक कल्पना म्हणून सोडून देतात. खऱ्या जोत्यावर उभं केलेलं दिसलं की तोच पुरावा होऊन बसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला किती वेळ लागतो?

फरशीपुराण | दुपारी ५:२०

यासाठी सोय करता येते. जे जागेवर सापडलंय, म्हणजे जोतं, तळखडे (खांबांखालचे दगड), पायऱ्या, ते ठसठशीत दाखवायचं. खांबांची जागा तळखड्यांवरून पक्की, त्यामुळे खांब थोडे फिके. छप्पर निव्वळ रेघांचं. आम्ही क्लायंटला 'हे ठरलंय, हे ठरायचंय' असंच दाखवतो.

स्टुडिओबाबू | संध्याकाळी ६:३०

तुम्ही सगळे माणसाला फिरू देताय म्हणून अडचण होतेय. फिरूच देऊ नका. हिलस्टेशनच्या पॉइंटवर लोखंडी खांबावर दुर्बीण असते बघा, तसा खांब एका जागी कायमचा रोवायचा, वर टॅब. खांबाची जागा एकदा टोटल स्टेशन (जमीन मोजणीचं यंत्र) लावून मोजली की संपलं, जीपीएस नको, नकाशा नको. टॅब फक्त डावीउजवीकडे आणि वरखाली फिरेल. दोन कोन मोजणारे दोन एन्कोडर बास. १९९८ ची ती पिवळी रेघ अशाच स्टँडवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी काढली होती. गवत हिरवं असो की पिवळं, त्याला फरक पडत नाही.

गवतीचहा | संध्याकाळी ६:४८

@स्टुडिओबाबू, जबरदस्त! शिवाय खोलगट हुड लावला तर उन्हात पडदाही दिसेल. धुक्याचं मात्र काही करता येणार नाही.

तिरकसराव | संध्याकाळी ७:०५

आणि पुरातत्त्व खातं संरक्षित गडावर तुम्हाला खांब रोवू देईल, नाही का? खिळा ठोकायला परवानगी लागते.

गडफिरस्ता | संध्याकाळी ७:३०

रायगडावर नको. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जागेत पडकी चावडी आहे. जोतं शाबूत, बरेचसे तळखडे जागेवर, आणि मुख्य म्हणजे छप्पर उभं असतानाचा एक फोटो एका घरात भिंतीवर आहे. खांब रोवायचा तर सरपंचांशी बोलणं एवढंच. तिथे करून बघायचं का?

फरशीपुराण | संध्याकाळी ७:३४

मॉडेल मी करते. मापं पाठवा: जोत्याच्या चारही बाजू, दोन्ही कर्ण, प्रत्येक दोन तळखड्यांमधलं अंतर, जोत्याची उंची चारही कोपऱ्यांवर वेगवेगळी. भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढताना काच काढून घ्या, चमक येते.

स्टुडिओबाबू | संध्याकाळी ७:५०

एन्कोडर माझ्याकडे जुने पडून आहेत. टॅब कोणाचा?

तिरकसराव | संध्याकाळी ८:१५

माझा घ्या. जुना आहे, बॅटरी टिकत नाही, चार्जिंगची वायर चावडीपर्यंत ओढावी लागेल. आणि मी स्वतः येऊन बघणार, तुमच्या फोटोवर विश्वास नाही.

ओझरकर | संध्याकाळी ८:२२

वायर ओढायला मी येतो. गडफिरस्ता, जवळचं वीजजोडणीचं बोर्ड चावडीपासून किती लांब आहे तेही टेपने मोजून ठेवा.